टॅक्सवर वाद घालायचा तर हातात काय घेऊन बसावं

कर, सरकारी खर्च आणि मध्यमवर्गाची ओढाताण या विषयावर तोंड उघडण्याआधी आपला स्वतःचा आकडा काढा. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पगारपत्रकाचं काम करते. टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी जाणारा कर कापणं, गुंतवणुकीचे पुरावे तपासणं, कापलेल्या कराचा दाखला म्हणून फॉर्म १६ देणं हे माझ्या टेबलावरून होतं. दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी स्लिप घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, तीस टक्के जातात हो आमचे." त्या माणसाचा राग खरा असतो. मुलांची फी, आईवडिलांची औषधं, घराचा हप्ता हे सगळं मला त्यांच्या पुराव्यांच्या फायलीत दिसतं. पण आकडा चुकीचा असतो, आणि समोरच्याने तो एकदा खोडला की खऱ्या रागाकडेही कोणी लक्ष देत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून कागद घ्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत वर्षाला १५ लाख पगार असलेल्याचं गणित मांडू. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले १४ लाख २५ हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. झाले ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ठरावीक कामाच्या नावाने घेतला जाणारा जादा कर, धरून ९७,५००. म्हणजे पगाराच्या साडेसहा टक्के. २५ लाख पगार असेल तर याच रीतीने ३,१९,८०० रुपये, म्हणजे जेमतेम १३ टक्के. तीस टक्क्यांचा दर २४ लाखांच्या वरच्या रुपयाला लागतो, सगळ्या पगाराला नाही. आणि पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर सवलत धरून प्राप्तिकर शून्य.

हे ऐकून काहीजण नाराज होतात. आपलं दुःख कोणी लहान करतंय असं त्यांना वाटतं. तसं नाही, कारण हिशेब अजून अर्धाच झालाय.

दुसऱ्या कागदावर महिन्याचा खर्च लिहा आणि त्यात लपलेला कर शोधा. किराणा, मोबाइलचं रिचार्ज, हॉटेल, गाडीची सर्व्हिसिंग, सगळ्याची बिलं महिनाभर जपून ठेवा. जीएसटी त्यावर छापलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले आणि वैयक्तिक आयुर्विमा, आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. त्यामुळे जुन्या बिलावरून भांडू नका, ताजं बिल घ्या. पेट्रोल जीएसटीत नाही, त्याचा हिशेब वेगळा धरा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने अबकारी शुल्क वाढवलं तेव्हा ते लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं. राज्याचा व्हॅट त्याच्यावर निराळा.

या २१.९० मध्ये एक गोष्ट दडलेली आहे आणि ती वादात फार उपयोगी पडते. यातलं मूळ अबकारी शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचे विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते आणि पायाभूत सुविधांसाठीचा आणि शेती सुविधांसाठीचा उपकर या नावांनी घेतले जातात. राज्यांना वाटून दिला जातो तो फक्त मूळ शुल्कातला हिस्सा. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांपैकी ४१ टक्के राज्यांना द्यायला सांगितले, पण उपकर आणि अधिभार (करावर बसणारा आणखी एक जादा कर) त्या वाटणीत येतच नाहीत. तुमच्या प्राप्तिकरावरचा ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकरही असाच. 'महाराष्ट्राचा पैसा दिल्लीला जातो' असं नुसतं ओरडण्यापेक्षा पेट्रोलच्या एका लिटरचं हे उदाहरण द्या. समोरचा कोणत्याही पक्षाचा असला तरी थांबून ऐकतो.

दोन्ही कागद तयार झाले की तिसरी गोष्ट ठरवा: आपण मध्यमवर्ग कोणाला म्हणतोय? देशाच्या अर्थव्यवस्थेतल्या ग्राहकांवर संशोधन करणारी 'प्राइस' ही संस्था २०२०-२१ च्या किमतींनी वर्षाला ५ ते ३० लाख उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मध्यमवर्ग धरते. पाच लाखवाला आणि तीस लाखवाला यांचे प्रश्न एक कसे असतील? सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात नियमित पगारदाराची सरासरी कमाई महिन्याला वीस हजारांच्या आसपास येते. सव्वा लाख पगार घेणाऱ्याने 'आम्ही सामान्य माणसं' म्हणून सुरुवात केली, आणि टेबलाच्या पलीकडे वीस हजारवाला बसला असेल, तर वाद पहिल्याच वाक्यात हरलात. आपलं उत्पन्न कुठे बसतं ते आधीच सांगून टाका. त्याने बोलण्याला वजन येतं.

आता मुख्य मुद्दा. न्याय म्हणजे कोणाच्या तुलनेत न्याय? इथे बहुतेक लोक लगेच खाली बघतात: ज्याला काही मिळतं त्याच्याकडे, शेतकऱ्याकडे, रेशनच्या रांगेकडे. मी म्हणते, आधी आजूबाजूला आणि वर बघा. पगारदाराची सगळ्यात मजबूत बाजू तिथे आहे.

आजूबाजूला म्हणजे काय ते सांगते. दोन इंजिनिअर, दोघांनाही वर्षाला २० लाख मिळतात. एक आमच्यासारख्या कंपनीच्या पगारपत्रकावर, त्याचा प्राप्तिकर १,९२,४०० रुपये, आणि तो मी त्याच्या हातात पैसे पडण्याआधीच कापते. दुसरा तेच काम सल्लागार म्हणून घरून करतो. व्यावसायिकांसाठी अनुमानित कराची जी सोय आहे, तिच्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. दहा लाख दाखवले की नव्या प्रणालीत त्याचा कर शून्य. कायद्यात बसूनच. हे उदाहरण देताना दुसरी बाजूही सांगा: त्या सल्लागाराला भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा वाटा नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुट्टी नाही, आणि काम उद्या बंद होऊ शकतं. ती सोय छोट्या डॉक्टर-वकिलांना हिशेबवह्यांच्या कटकटीतून सोडवायला आहे, आणि ती गरज खरी आहे. तरी १,९२,४०० आणि शून्य यातलं अंतर एवढं का, हा प्रश्न राहतोच. तो विचारायचा पगारदाराला पूर्ण हक्क आहे.

वर बघायचं म्हणजे भांडवलाकडे. जुलै २०२४ पासून शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. तेच पैसे कोणी कामावर जाऊन मिळवले तर वरच्या टप्प्यात तीस टक्के. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, वारसा मालमत्तेवरचा कर १९८५ मध्येच गेला. २० सप्टेंबर २०१९ ला बाकीच्या सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील असा सरकारचाच अंदाज होता. याच्या बाजूनेही बोलता येतं: गुंतवणूक यावी, कारखाने इथे निघावेत, आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाव्यात. मी स्वतः कारखान्यात काम करते, मला ते पटतंही. पण मग सूट दिल्यावर काय आलं याचा हिशेब मागायला नको का? लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये घेणाऱ्या बाईकडे आपण तो मागतोच.

या सगळ्यात एक चूक टाळा. केंद्राच्या अर्थसंकल्पात 'रुपया कुठून येतो, कुठे जातो' असं चित्र असतं. २०२५-२६ च्या चित्रात प्राप्तिकर २२ पैसे आणि कंपनी कर १७ पैसे आहे. लगेच लोक म्हणतात, 'पगारदार कंपन्यांपेक्षा जास्त भरतात.' ते २२ पैसे फक्त पगारदारांचे नाहीत. त्यात डॉक्टर, वकील, व्यापारी, भागीदारी संस्था, शेअर आणि घरं विकणारे, सगळे आले. हे वाक्य चांगल्या सीएसमोर बोललात तर पुढचं काही ऐकून घेतलं जाणार नाही.

आमच्या घरी हा वाद दिवाळीला होतो. माझे दीर बार्शीकडे शेती करतात. 'भाऊजी, तुम्हाला टॅक्सच नाही' असं एखादा पाहुणा म्हणतो आणि ताटं वाढेपर्यंत आवाज चढलेले असतात. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे हे खरं. त्यावर कर बसवायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातले सुमारे ८६ टक्के जमीनधारक दोन हेक्टरांच्या आतले. त्यांच्यावर कर लावला तरी हाती काही लागणार नाही, कारण बहुतेकांचं उत्पन्न पगारदाराला मिळणाऱ्या शून्य कराच्या मर्यादेपर्यंतही पोचत नाही. शिवाय खत, डिझेल, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांवरचा कर भाऊजी भरतातच, आणि त्यांना तो जीएसटीवाल्या व्यापाऱ्यासारखा परत मिळत नाही. प्रश्न विचारायचा तो शेतीच्या नावाखाली दुसरंच उत्पन्न दाखवणाऱ्यांचा. तो असा विचारला की भाऊजीच सगळ्यात जोरात साथ देतात, "वहिनी, आमच्या नावावर कोण कोण पोटं भरतंय ते बघाच एकदा." वादात समोरच्याला आपल्या बाजूला आणायची जागा शोधायची असते, ती ही.

खर्चाकडे येऊ. इथे लाडकी बहीण योजना येणारच. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला कमी पडणारी रक्कम, जवळजवळ ४६ हजार कोटींची. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की योजनेवर प्रश्न उभे राहतात, आणि ते विचारायला हवेत: अपात्र नावं किती, पैसे कुठल्या खात्यातून वळवले, हे कर्जातून किती वर्षं चालणार. मात्र तिसरा आकडाही ठेवा. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी. त्यात ३६ हजार कोटी म्हणजे साधारण पाच टक्के. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याज यांतच जातो. केंद्राच्या चित्रातही रुपयातले २० पैसे निव्वळ व्याजाचे आहेत, प्रमुख अनुदानं मिळून ६ पैसे. 'फुकट वाटल्यामुळे देश बुडतोय' या वाक्याला हे चित्र पुरेसं उत्तर आहे, आणि 'सरकारकडे पैशाची कमी नाही' या वाक्यालाही.

एक विनंती आहे. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना हे पैसे मिळतात. त्यांच्यासमोर 'आमच्या टॅक्सवर' हे शब्द काढू नका. त्या पैशांतून त्यांनी मुलीच्या क्लासची फी भरली. त्या प्राप्तिकर भरत नाहीत, पण तेलाच्या पिशवीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, मुलाच्या दुचाकीच्या पेट्रोलवर आपल्याच दराने भरतात, आणि त्यांच्या कमाईत तो वाटा आपल्यापेक्षा जड जातो. कर भरणारे आणि घेणारे असे दोन वेगळे गट नाहीतच.

पगाराच्या स्लिपवरची एक ओळ याची साक्ष देते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३०० का कापले, असं मला दरवर्षी विचारतात. घटनेने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे केले की ती भरते. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून ती योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा मराठवाड्यात, सोलापुरात पाझर तलाव आणि रस्ते खोदणाऱ्यांच्या मजुरीत गेला. पुढे २००५ ला देशाने असाच कायदा केला. कर कशासाठी घेतला आणि कुठे गेला हे दिसत असेल तर माणूस देतो, अशी माझी ठाम समजूत आहे. आज उपकराचा पैसा कशावर खर्च झाला हे दिसत नाही, दुखणं तिथे आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांबद्दल म्हटलं होतं की जीएसटी भरपाई उपकराचे ४७,२७२ कोटी त्यासाठीच्या निधीत जमाच झाले नाहीत. अर्थ मंत्रालयाने तो ताळमेळ लागेपर्यंतचा तात्पुरता फरक असल्याचं उत्तर दिलं. दोन्ही बाजू सांगा. कॅगचे अहवाल मोफत वाचायला मिळतात आणि फॉरवर्ड झालेल्या संदेशांपेक्षा कितीतरी धारदार असतात.

वाद कसा घालावा याचा नमुना हवा असेल तर गोखले बघा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं, इकडे दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी त्यांना अशा आकड्यांच्या कामात मदत करत. रुपया घसरत होता म्हणून लादलेले कर रुपया सावरल्यावरही तसेच ठेवल्यामुळे ही शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण नाही, असं त्यांनी मांडलं. मग मागण्या नेमक्या: मिठावरचा कर कमी करा, आणि प्राप्तिकरातून सूट असलेली मर्यादा ५०० रुपयांवरून हजारावर न्या. मिठाचा कर भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाचा, प्राप्तिकराची मर्यादा कारकून-मास्तरांची. दोघांची मागणी त्यांनी एका भाषणात, एकमेकांच्या विरोधात न लावता मांडली. पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अर्थसंकल्पात, मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार झाली. हे एका भाषणाने झालं असं मी म्हणणार नाही. पण मागणीत रक्कम होती, कोणत्या कायद्यातला आकडा बदलायचा ते होतं, आणि उत्तर देणाऱ्याला पळायला जागा नव्हती.

आपल्या वादाचा शेवटही असाच मागणीत व्हावा. 'मध्यमवर्गाला दिलासा द्या' ही मागणी होत नाही. मागणी अशी असते: जुन्या करप्रणालीतली गुंतवणुकीवरच्या वजावटीची दीड लाखाची मर्यादा २०१४ साली ठरली आणि तिथेच आहे; करातल्या सगळ्या मर्यादा आणि टप्पे दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाला बांधा. किंवा: प्रत्येक उपकराला मुदत घाला आणि त्याचा खर्च दरवर्षी वेगळ्या पानावर छापा. किंवा: सरकारी शाळा आणि दवाखाना असा करा की मी खासगीकडे जाणार नाही. ही शेवटची माझी सगळ्यात आवडती, कारण पुराव्यांच्या फायलींत मी जे बघते त्यात प्राप्तिकरापेक्षा शाळेची फी आणि हॉस्पिटलचं बिल मोठं असतं. पंधरा लाखवाल्याचा कर ९७,५००. दोन मुलांची शाळा आणि क्लास त्याच्या पुढे सहज जातात. मावशींची मागणी आणि आपली मागणी इथे एकच होते.

मागणी कोणाकडे न्यायची तेही लिहा. प्राप्तिकर, उपकर, पेट्रोलचं अबकारी शुल्क केंद्राकडे, म्हणजे तुमच्या खासदारांकडे. पत्र डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे, कारण १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. व्हॅट, लाडकी बहीण, व्यवसाय कर आमदारांकडे. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये असतो. घरपट्टी, फुटपाथ, दवाखाना महापालिकेकडे. पुण्यात राहत असाल तर २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अर्थसंकल्पात सुचवता येतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पावसाळ्याच्या शेवटी मुदत असते, त्यामुळे गणपतीच्या आधीच चौकशी करा. एका अर्जात एकच काम लिहा, जागा नेमकी सांगा, शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.